शेंदराच्या फुलीचा नारळ

नारळ पाण्यावर तरंगतो, आणि तरंगणारी वस्तू वाऱ्याबरोबर काठाला लागते. यात दैवी असे काहीही नाही. झाशीजवळच्या बरुआसागरच्या तलावावर श्रावणात वारा बहुतेक पश्चिमेकडून असतो आणि आमची पायरी पूर्वेच्या काठावर आहे. म्हणून आमच्या घराण्याने नारळी पौर्णिमेला सोडलेला नारळ संध्याकाळच्या आत त्याच पायरीशी परत येतो, आणि मग तो माकडे नेतात. हे मी अक्काला अनेकदा समजावून सांगितले होते.

"तळं आहे रे ते," अक्का म्हणे. "त्याला घेण्याचा हक्क नाही, म्हणून वापस करतं."

अक्का म्हणजे अनुसूया, माझी थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत ती विधवा होऊन झाशीतल्या खंडेराव गेटच्या आमच्या घरी परत आली आणि आई गेल्यावर तिनेच मला वाढवले. नारळाची हकीकत मी तिच्याकडूनच ऐकली. आमचा मूळ पुरुष कोकणातून बुंदेलखंडात गुरसरायला आला, तेथल्या मराठी जहागिरीत पूजाअर्चा सांगण्यासाठी. निघताना तो किनाऱ्यावर उभा राहून समुद्राला म्हणाला, की पुढच्या पौर्णिमेचा नारळ द्यायला मी येतो. तो गेला नाही. त्याचा मुलगा गेला नाही. गुरसरायहून झाशीला आलेली पिढीही गेली नाही. तोवर, म्हणजे कोणीतरी जाईपर्यंत, जवळपासच्या सर्वांत मोठ्या पाण्यात नारळ सोडायचा असे ठरले. ज्याच्या नावात निदान 'सागर' आहे असे पाणी बरुआसागरला होते. या व्यवस्थेला दोनशे वर्षे झाली होती आणि दोनशे वर्षांत घराण्यातल्या एकाही माणसाने समुद्र पाहिलेला नव्हता.

मीही नाही. रेल्वेच्या वर्कशॉपमधील प्रयोगशाळेत इंजिनांच्या पाण्याची तपासणी करणे हे माझे काम. त्या काळी वाफेची इंजिने पुष्कळ होती, आणि पाण्यात क्षार वाढले की बॉयलरच्या नळ्यांवर कवच चढते. तेव्हा पाण्याविषयी मला बरीच माहिती होती. फक्त ती बाटलीत मावेल एवढ्या पाण्याविषयीची होती.

वडील गेल्यावर नारळ सोडण्याचे काम माझ्याकडे यायला हवे होते. मी नकार दिला. तेव्हापासून अक्का बसने एकटीच जाई. त्या वर्षी आषाढात तिचे गुडघे सुजले आणि तिने भाजी निवडता निवडता विचारले, "माझ्यामागं हे कोण करणार?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

माझी पत्नी सुहासिनी हिने माझ्याकडे पाहिले. ती भुसावळची, रेल्वेतल्याच घराण्यातली. तिच्या माहेरी समुद्राशी कोणाचे काही देणे नव्हते. "अहो, निदान 'बघू' तरी म्हणायचं," ती म्हणाली.

"नाही म्हणतो ते ठीक आहे," अक्का म्हणाली. "रमू खोटं बोलत नाही, एवढा एकच तर गुण आहे. ऐक रमू. एकदा खऱ्या समुद्राला देऊन बघू. त्यानंही वापस केला तर मी त्याच दिवशी बंद करते. दोनशे वर्षांचं सगळं बंद. पण त्यानं घेतला, तर माझ्यामागं तू करायचं. दर साल. तोंड वाकडं न करता."

मी तिला स्पष्ट सांगितले, की ही पैज तिच्या तोट्याची आहे. श्रावणात पश्चिम किनाऱ्यावर वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो. जे टाकावे ते परत येणार.

"काठ असेल तिथं येणार," अक्का म्हणाली. "काठच नसेल तर कुठं येईल?"

हा युक्तिवाद ती कोठून घेऊन आली होती ते लगेच कळले. सुहासिनीचे एक मामा पश्चिमेकडच्या मीटरगेजवर गार्ड होते. त्यांनी कधीतरी तिला दीव बेटाविषयी सांगितले होते: बेटाच्या दक्षिण बाजूला पायऱ्या नाहीत, वाळू नाही; जमीन एकदम संपते आणि खाली समुद्र आपटत असतो. दोघींनी मिळून हा बेत माझ्या माघारी पक्का केला होता.

"पास काढ," अक्का म्हणाली.

पासावर पत्नीचे नाव होते आणि 'आश्रित विधवा बहीण' अशी अक्काची नोंद होती. आपण आश्रित आहोत हे तिने पहिल्यांदाच कागदावर पाहिले. "मी आश्रित?" ती म्हणाली. "याचं नाक मी पुसलंय, ते नाही लिहिलं कुठं?"

निघण्यापूर्वी मी दोन गोष्टी केल्या. बादलीत पाणी घेऊन त्यात नारळ सोडला, तो तरंगला. मग मीठ विरघळवून पुन्हा सोडला. तो किंचित अधिक वर तरंगला. अक्काने हे सारे पाहिले आणि मिठाचा डबा उचलून ठेवला. दुसरी गोष्ट अशी की, नारळ परत आला तर तो आमचाच आहे हे निर्विवाद ठरावे म्हणून त्याच्यावर खूण केली. वर्कशॉपमध्ये लोखंडाला गंज चढू नये म्हणून शेंदूर आणि जवसाच्या तेलाचा रंग लावतात. त्या रंगाची एक ठसठशीत फुली मी नारळावर काढली. वाळल्यावर तो रंग पाण्याने जात नाही.

"शेंदूर लावलास?" अक्का प्रसन्न होऊन म्हणाली. "मग पूजाच केलीस की."

तीन गाड्या बदलल्या. अक्काच्या सामानात एक छोटा पाट, पितळेचे तामण आणि पळसाच्या पानांच्या दोन्यात, म्हणजे द्रोणात, उगवलेले गव्हाचे पिवळट कोंब होते. बुंदेलखंडात राखीच्या दुसऱ्या दिवशी हे कोंब, म्हणजे कजलिया, तलावात सोडतात. आमच्या घरातल्या बायका कोकणातला नारळ आणि इथल्या कजलिया दोन्ही सारख्याच निष्ठेने करतात. त्या कोंबांवर अक्का वाटभर फुलपात्रातून पाणी शिंपडत होती. शेवटच्या गाडीत मी तिला भरती-ओहोटी समजावून सांगितली. एक बेसनाचा लाडू पृथ्वी, एक चंद्र, आणि खिडकीतून दिसणारा तो सूर्य. पौर्णिमेला तिघे एका रेषेत येतात, म्हणून त्या दिवशी भरती सर्वांत मोठी.

"म्हणजे पाणी वाढतं?"

"वाढतं."

"किती?"

मी म्हणालो, ते ठिकाणावर अवलंबून असते. हे उत्तर बरोबर होते आणि निरुपयोगी होते. माझ्या मनात त्या वेळी बरुआसागरचा तलाव होता, जो पावसाळ्यात दोन पायऱ्या वाढायला महिना घेतो. अक्काने चंद्र खाऊन टाकला.

बेटासमोरच्या घोघल्याहून होडीने खाडी ओलांडली तेव्हा दुपार सरत आली होती. धर्मशाळेत सामान टाकताच अक्का म्हणाली, "आधी कडा." गुडघे दुखत असल्याची तक्रार तिने त्या दिवशी केली नाही. टांगेवाला आम्हाला माळरानावरून घेऊन गेला. समोर ताडासारखी, पण खोड दुभंगलेली झाडे, गवत आणि आकाश. समुद्राचे नाव नाही.

"भैया, समुंदर किधर है?" अक्काने विचारले.

"सुन नहीं रही, माजी?" तो म्हणाला.

तेव्हा मला कळले, की लांबवर जी मालगाडी जात आहे असे मी समजत होतो ती मालगाडी नव्हती. पुढे थोडे चाललो आणि जमीन संपली.

मी अतिशयोक्ती करत नाही. त्या कड्याची उंची झाशीच्या किल्ल्याच्या तटाहून कमीच असेल. पण तट जेथे आहे तेथे उभा असतो. हा पिवळा, वाळूसारखा भासणारा दगड खालून लाटांनी पोखरून आत नेला होता, आणि आम्ही त्या पोकळीच्या छपरावर उभे होतो. खाली लाट शिरली की एक क्षण काहीच होत नसे. मग धक्का पायांतून वर येई, फलाटावरून न थांबता एक्स्प्रेस जाते तसा. त्यानंतर पाण्याची भिंत कड्याहून वर उठे, वाऱ्यात फुटे आणि आमच्या अंगावर पडे. समोर, जेथपर्यंत दृष्टी पोचत होती तेथपर्यंत, दुसरा काठ नव्हता.

मी ओठ चाटले. खारट. ज्या क्षारांचे मोजमाप मी रोज थेंबाथेंबाने करत होतो ते येथे वाऱ्यावर उडत होते. मी मोठ्याने हसलो. सुहासिनी सांगते की मी ओरडलो. तसे असेल तर आवाजाच्या त्या पार्श्वभूमीवर ते आवश्यक होते.

"अहो, मागे या! कडेला कुठं चाललात?"

"हे बघ! परतणारी लाट बघ! येणारीला छेदते आहे!"

"बघते, पण मागे या!"

अक्का जमिनीवर बसली होती. तिचे पातळ भिजले होते, चष्म्यावर थेंब होते. ती लाटांकडे पाहून मान डोलावत होती, कोणाचे तरी म्हणणे पटत असल्यासारखी. "इतका मोठा," ती म्हणाली. "आणि आपण याला तळ्यावरून फसवत होतो."

डाव्या हाताला कड्यातून उतरणारी वाट होती. खाली एक सपाट खडक होता, घाटाच्या पायरीसारखा, आणि पाणी त्याच्यापासून पुष्कळ दूर सरलेले होते. अक्काने वरूनच निर्णय दिला: "हाच आपला घाट."

दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा, म्हणजे राखीही. सकाळी अक्काने माझ्या हाताला राखी बांधली. मी पाकीट काढू लागलो.

"ते ठेव," ती म्हणाली. "काय पाहिजे ते नंतर मागते."

खडकावर पोचलो तेव्हा पाणी कालच्यापेक्षा जवळ होते, पण खडक कोरडा होता. आमच्या घराण्याची रीत अशी आहे, की आधी पाण्याच्या कडेला पाट मांडून त्यावर पूजा ठेवायची. याला पाण्याला वर्दी देणे म्हणतात. मग सगळ्यांनी वर जाऊन बसायचे, थोरल्याने पिढ्यांची नावे घ्यायची, आणि पाण्याला सावरायला तेवढा वेळ दिल्यावर नारळ घेऊन खाली उतरायचे. बरुआसागरला हे सगळे निर्वेध होते, कारण पाणी सावरून जेथल्या तेथेच असते. अक्काने पाट मांडला, त्यावर तामण, शेजारी कजलियाचा दोना. पूजेजवळ पायताण नको म्हणून मी माझ्या रबरी चपला खडकाच्या दुसऱ्या टोकाला काढून ठेवल्या. नारळ पिशवीत घेऊन आम्ही कड्यावर गेलो.

जाताना वाटेत एका घळीपाशी अक्का थांबली. कड्याच्या दोन भिंतींच्या मध्ये गोट्यांचा एक लहानसा पट्टा होता. त्यावर लाटांनी आणून टाकलेल्या वस्तूंचा ढीग होता: जाळ्याचे तुकडे, लाकडे, आणि नारळ. काही सोललेले, काही शेंडीसकट, एकाला अजून लाल दोरा गुंडाळलेला. कोळ्यांनी किंवा यात्रेकरूंनी बेटाच्या इतर बाजूंना अर्पण केलेले असावेत.

"इतक्यांचे?" अक्का म्हणाली.

माझे म्हणणे सिद्ध करणारा याहून चांगला पुरावा मिळाला नसता. तो दाखवण्यासाठी मी तोंड उघडले आणि अक्काकडे पाहिले. ती पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी होती. मी म्हणालो, "चल, वर वारा बरा आहे."

वर बसून तिने नावे घ्यायला सुरुवात केली. आवाज नेहमीपेक्षा लहान होता. ती आजोबांच्या वडिलांपर्यंत आली असेल, तोच सुहासिनी किंचाळली.

"अहो, पाट!"

खाली खडक नव्हता. जेथे तो होता तेथे पांढरे पाणी होते. आम्ही पाहत असताना एक लाट आली, तिने पाट अलगद उचलला, तामण एकदा चमकले आणि दिसेनासे झाले. कजलियाचा दोना फुटून हिरवे-पिवळे कोंब फेसावर पसरले. त्यांच्यामागून माझ्या दोन्ही चपला, एकमेकींपासून सुट्या, समुद्रात गेल्या.

लाडवांच्या साहाय्याने भरती शिकवणारा मनुष्य मीच होतो. कारण मला ठाऊक होते. वेग ठाऊक नव्हता.

मग अक्का हसू लागली. इतकी, की तिला चष्मा काढावा लागला. "कजलियाचा दिवस उद्या आहे," ती म्हणाली, "यानं आजच नेल्या! उतावळा आहे अगदी! आणि तामण घेतलं बघ, रमू!"

"पितळ पाण्याच्या आठपट जड असतं, अक्का. ते बुडणारच."

"बादलीत नारळ तरंगला तेव्हा तू हसलास, की बघ, घेत नाही. आता तामण बुडालं, तर म्हणतोस हे धरायचं नाही. तुला समुद्रानं करायचं तरी काय?"

"आणि चपलांचं काय?" सुहासिनी म्हणाली. "अनवाणी फिरणार का झाशीपर्यंत?"

मी चपलांकडे पाहत होतो.

पट्टे निळे असल्यामुळे त्या फेसातही ओळखू येत होत्या. खडकाच्या टोकापुढे कड्यापासून सुटलेला एक सुळका पाण्यात उभा होता. डावी चप्पल सुळक्याच्या अलीकडून गेली. ती लाटांबरोबर आपटत, वळत, थेट त्या घळीत शिरली आणि गोट्यांवर नारळांच्या शेजारी जाऊन पडली. उजवी सुळक्याच्या पलीकडे गेली. तिलाही लाटा आत ढकलत होत्या. पण कड्यावर आपटलेले सारे पाणी कोठून तरी बाहेर जायला हवे, आणि ते सुळक्याच्या पलीकडच्या अरुंद पट्ट्यातून जात होते. त्या पट्ट्यात लाटा फुटत नव्हत्या. पाणी गढूळ होते आणि उलट्या दिशेने वाहत होते, वाऱ्याच्या विरुद्ध. माझी उजवी चप्पल त्यात सापडली आणि बाहेर, बाहेर, बाहेर गेली.

"सुहासिनी! ती दिसते का तुला? निळी?"

"कुठली?"

"उजवी! ती बघ, सुळक्याच्या पुढे! वाऱ्याविरुद्ध जाते आहे!"

माझ्या आवाजाने दोघीही उठून आल्या. मी पोटावर आडवा होऊन कड्यावरून डोके बाहेर काढले होते आणि सुहासिनीने माझा सदरा मागून धरला होता. मी दोघींना सगळे समजावून सांगितले: येणारे पाणी, परतणारे पाणी, मधली वाट. भरती चढत असतानाही ती वाट चालू होती. ओहोटी सुरू झाली की तिला आणखी जोर येणार. तेव्हा सोडलेली वस्तू वाऱ्याने परत आणण्याच्या आत पुष्कळ दूर जाईल. आणि किनाऱ्याला समांतर प्रवाह असेल तर...

बोलता बोलता मी थांबलो. अक्का माझ्याकडे पाहत होती.

"म्हणजे कुठून टाकायचा ते कळलं," ती म्हणाली.

पैजेत मी कोणत्या बाजूला आहे याची आठवण मला त्या वेळी झाली. काही न करता बसलो असतो तर नारळ घळीत गेला असता, अक्काने आपला शब्द पाळला असता आणि मी आयुष्यभर बरुआसागरच्या बसमधून सुटलो असतो. पण अलीकडून टाकलेली वस्तू परत येते आणि पलीकडून टाकलेली जाते, हे दोनच चपलांवरून निघालेले अनुमान होते. त्याची तिसऱ्या वस्तूने परीक्षा न घेता झाशीला परत जाणे मला अशक्य वाटले. कारण एवढेच होते, असे मी सुहासिनीला आजही सांगतो.

मध्यान्हीच्या सुमारास भरती पूर्ण झाली. आम्ही कड्यावर बसून पुऱ्या खाल्ल्या आणि मी खालच्या एका लाल डागाच्या दगडावर नजर ठेवून बसलो. तो बराच वेळ पाण्याखाली होता. मग एका लाटेनंतर तो दिसला, नाहीसा झाला, पुन्हा दिसला, आणि मग कोरडाच राहिला.

"ओहोटी," मी उठून म्हणालो. "चला."

सुळक्याच्या बरोबर वर कड्याचे एक नाक बाहेर आले होते. तेथे पोचलो तेव्हा वारा इतका होता, की अक्काला सुहासिनीने कमरेला धरले. अक्काने पिशवीतून नारळ काढला, त्याला कपाळ लावले आणि खाली पाहिले. गढूळ पट्टा कड्यापासून बराच पुढे होता. मधले सारे पाणी फुटणाऱ्या लाटांचे होते.

"माझा हात पोचायचा नाही," ती म्हणाली.

"मी टाकते," सुहासिनी म्हणाली.

"नाही. घरच्या माणसानं टाकायचा." अक्काने नारळ माझ्यापुढे धरला. "सकाळी म्हटलं होतं ना, मागते. राखीचं हे दे. लांब टाक."

"अक्का, कमी पडला तर तू हरशील. आणि टाकणारा मी आहे."

"ठाऊक आहे."

"माझ्यावर इतका भरवसा ठेवणं बरोबर नाही. यात माझा स्वार्थ आहे."

"बोलणं झालं का?" अक्का म्हणाली. "पाणी उतरून राहिलंय."

मी नारळ घेतला. फुली माझ्या तळहाताखाली आली. वाऱ्याचा अंदाज घेऊन मी उजवीकडे नेम धरला, कारण वारा त्याला डावीकडे आणणार होता. दोन पावले मागे आलो, आणि शाळा सोडल्यापासून कोणतीही वस्तू जितक्या जोराने फेकली नव्हती तितक्या जोराने तो फेकला. खांद्यात कळ आली. नारळ वर गेला, वाऱ्याने त्याला अडवले, तो जागच्या जागी थांबल्यासारखा झाला आणि खाली आला.

"कुठं पडला?" अक्का ओरडली. "सुहास, कुठं पडला?"

"पांढऱ्यात! पांढऱ्यात पडला, अक्का!"

तो पट्ट्याच्या अलीकडे पडला होता, फुटणाऱ्या पाण्यात. एक लाट त्याच्यावरून गेली. दुसरीने त्याला उचलून सुळक्याकडे आणले. मी "नाही, नाही, पलीकडे!" असे म्हणत होतो. अक्काने माझे मनगट धरले होते, राखीसकट, आणि तिच्या नखांच्या खुणा पुढे पुष्कळ वेळ राहिल्या. नारळ सुळक्यावर आपटला, डावीकडे वळला, म्हणजे घळीच्या बाजूला. तेवढ्यात सुळक्यावरून परतलेले पाणी त्याच्या खाली आले. तो गोल फिरला, एकदा, आणखी एकदा; फुली दिसली, गेली, दिसली. आणि मग तो कोणीतरी दोरी ओढावी तसा सरळ बाहेर निघाला.

"जातो आहे!" मी ओरडलो. "अक्का, जातो आहे!"

"दिसतंय मला! गप्प बस, दिसतंय!"

तो गढूळ पाण्यातून, लाटांच्या ओळींमधून, वाऱ्याच्या तोंडावर जात राहिला. बारीक तपकिरी ठिपका, मग कधी दिसणारा, कधी न दिसणारा, मग ज्याच्याविषयी आम्हा तिघांचे एकमत होईना असा, मग नाहीच. अक्का हात जोडून उभी होती. ती रडत असावी, पण सगळ्यांचीच तोंडे खाऱ्या पाण्याने ओली होती.

"घेतला," ती म्हणाली.

"दिसेनासा झाला," मी म्हणालो. "दिसेनासा होणे आणि परत न येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. वारा अजून जमिनीकडेच आहे. आणखी एक भरती जाऊ दे. उद्या सकाळी घळीत पाहू."

"अहो," सुहासिनी म्हणाली, "आता तरी."

"असू दे," अक्का डोळे पुसत म्हणाली. "त्याला बघू दे. नाहीतर जन्मभर म्हणेल, की बघितलं नाही."

दुसऱ्या दिवशी ओहोटीला मी घळीत उतरलो. दोघी वाटेवर बसल्या. गोट्यांवर आदल्या दिवसापेक्षा अधिक नारळ होते, पौर्णिमेचे असणार. मी एक एक उचलून, फिरवून पाहिला. माझी डावी चप्पल सापडली. पाट सापडला, एका बाजूने तडकलेला. मग दोन खडकांमध्ये अडकलेला एक नारळ दिसला, आणि त्याच्या पाठीवर लाल काहीतरी होते.

मी तो लगेच उचलला नाही. आधी आजूबाजूला पाहिले. अक्का वरून पाहत होती. तिलाही तो लाल रंग दिसला असावा, कारण ती उभी राहिली होती. मी वाकलो, नारळ सोडवला आणि अंगठ्याने डाग घासला. अंगठा लाल झाला आणि नारळ स्वच्छ झाला. कुंकू. शेंदूर आणि जवसाचे तेल असते तर ते नखानेही निघाले नसते.

"नाही!" मी हात उंच करून ओरडलो. "आपला नाही! कुंकू आहे! आपला नाही हा!"

घळीच्या भिंतींनी ते सगळे दोनदा परत म्हटले. सुहासिनी पोट धरून हसत होती.

"काय झालं?" मी वर येऊन विचारले.

"तुम्ही नाचलात," ती म्हणाली. "एका पायात चप्पल घालून."

मी अक्कापाशी बसलो. शोध पद्धतशीर झाला होता हे मी तिला सांगितले. नारळ या घळीत आला नाही, एवढेच यावरून सिद्ध होते. तो बेटाच्या अन्य बाजूला किंवा समोरच्या किनाऱ्याला लागला असण्याची शक्यता उरतेच. अक्काने हे लक्षपूर्वक ऐकून घेतले.

"मग हरलास की नाही?"

"हरलो," मी म्हणालो.

फेसात वाहून गेलेल्या कजलियांपैकी दोन-चार कोंब मी वर आणलेल्या पाटाच्या तड्यात अडकून राहिले होते. बुंदेलखंडी रीतीप्रमाणे अक्काने त्यांतला एक माझ्या कानामागे खोवला, एक सुहासिनीच्या, आणि आम्हाला आशीर्वाद दिला.

खाली समुद्र पुन्हा चढू लागला होता. टांगा यायला वेळ होता. मी पुढच्या वर्षाचा विचार करत होतो.

"बरुआसागरला आपण चुकीच्या काठावरून सोडतो," मी म्हणालो. "वारा पायरीकडे येतो. समोरच्या काठाने, बांधाच्या बाजूने एखादा उलटा प्रवाह मिळतो का ते पाहायला हवं. सांडव्यावरून पाणी जात असेल तर नक्की मिळेल. तिथून बेतव्याला, बेतव्यातून यमुनेला..."

"तिथं चालत जायला वाट नाही," अक्का म्हणाली.

"मग नाव लागेल."

"लागेल तर लागेल," अक्का म्हणाली. "तू आता करणार. तूच बघ."